आप्पांच्या टॅबमधलं उखळ

आप्पांच्या घरातून उठायचं तर परवानगी लागायची, आणि ती आप्पा देत नसत. ती टॅबवरून यायची. बोलणं संपलेलं असो, चहा पिऊन झालेला असो, बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत असो, आप्पा नुसता हात वर करायचे आणि म्हणायचे, "बस जरा. भेट होऊ दे."

भेट म्हणजे काय ते मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. मी साताऱ्याची, विमा कचेरीत नोकरी, बदली होऊन सांगलीला आलेली, आणि आठवडाभर खोल्या बघून पायाचे तुकडे पडलेले. एका घराची वरची खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून गेले, तर मी स्कूटी लावेपर्यंत एक उंच, वाळका म्हातारा आतून आला आणि स्कूटीपाशी उकिडवा बसला. हातात लांबलचक स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक त्यानं इंजिनाला टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, झालं, घरमालक वेडा निघाला.

"चालू कर," तो म्हणाला. मी केली. बराच वेळ ऐकून म्हणाला, "बेअरिंग रडतंय. बदलून घे. खोली बघायला आलीस न्हवं? ये आत." पुढे माझ्या कचेरीतल्यांनी हा किस्सा ऐकून हसून घेतलं, पण बेअरिंग खरंच गेलं, तेही भर रस्त्यात.

आत गेल्यावर त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि खोलीबद्दल चकार शब्द न काढता स्टुलावरच्या टॅबकडे बघत बसले. टॅब त्यांच्या पुण्याच्या मुलाचा. जुना झाला म्हणून त्यानं व्हिडिओ कॉलसाठी दिलेला, आणि त्यात त्याचं संगीत जुळवायचं एक अ‍ॅप तसंच राहून गेलेलं. पडद्यावर खोकी खोकी होती. एका खोक्यातून बोटानं तार ओढायची, दुसऱ्यात खोवायची, की आवाज इकडचा तिकडे जातो. खाली चौकोनी घरांच्या ओळी. घराला बोट लावलं की ते पेटतं. ओळीवरून एक दिवा पळत राहतो, आणि पेटलेल्या घरावर आला की ठोका पडतो. बस, एवढंच. पण प्रत्येक ओळ हवी तेवढी लांब ठेवता येते, आणि आप्पांचा सगळा जीव तिथं अडकला होता. एक ओळ पाच घरांची, एक सात, एक अकरा. दिवे सगळे एकदम निघायचे आणि लगेच पांगायचे. एक आपला फेरा संपवून परत यायचा तेव्हा दुसरा अजून मध्येच असायचा. असे पांगत पांगत केव्हातरी सगळे एकाच वेळी पहिल्या घरावर यायचे. ती भेट. तिच्याआधी टॅब बंद करायचा नाही आणि कुणी जागचं उठायचं नाही.

त्या दिवशी मला कचेरीत परत जायचं होतं. मी दोनदा घड्याळ बघितलं.

"घाई करू नको," आप्पा म्हणाले. "फिरून येतंय."

हे त्यांचं पेटंट वाक्य. गॅसचा सिलेंडर आला नाही, घाई करू नको, फिरून येतंय. वीज गेली, फिरून येतंय. माझी बढती हुकली तेव्हा मी जिन्यात बसून रडत होते, तर खालून जाता जाता तेच. मला त्यांचा इतका राग आला होता की दोन दिवस मी खाली चहाला गेले नाही.

आप्पांची सगळी नोकरी कोयनानगरला, वीजघरात ऑपरेटर म्हणून गेली. जन्म पाटण तालुक्यातला, बोलणंही शेवटपर्यंत तिकडचंच. यंत्राच्या घरघरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला सांगलीचं घर सुनं सुनं वाटायचं. म्हणून टॅब हातात आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर वीजघराची घरघर तयार केली. ती लावून दुपारी झोपायचे. "हे आपल्या पॅनेलवाणीच हाय गं," मला कौतुकानं सांगायचे. "तार इथनं तिथं, बटण दाबलं की दिवा. फकस्त शॉक बसत न्हाई."

कोयनेची आणखी एक खूण त्यांच्या घरभर होती. तिथं जमीन कधी हलेल त्याचा नेम नसायचा, ते त्यांच्या हाडांत मुरलेलं. डोक्यावर फोटो टांगायचा नाही. कपाट तारेनं भिंतीला बांधलेलं. आणि कोनाड्यात एक पेला उपडा, त्यावर तांब्या, तांब्यावर आणखी एक पेला. जमीन हलली की आधी हा मनोरा पडणार, आणि त्या आवाजानं आपण बाहेर पळायचं. सांगलीला हे कशाला हवं, असं मी विचारलं तर म्हणाले, "जमिनीला गावं कळत्यात व्हय?"

एका दुपारी तो मनोरा पडलाही. मी सुट्टीमुळे घरी होते. तांब्या-पेल्यांचा खणखणाट झाला आणि मी जिन्यावर येईपर्यंत आप्पांनी अक्कांना दोन्ही हातांवर उचलून अंगणात आणलं होतं. अक्का म्हणजे त्यांची बायको. बुटकी, सावळी, जत तालुक्याच्या पार टोकाच्या गावातली, माहेरी कानडी बोलणारी. कोनाड्यातून मांजर शांतपणे उतरलं आणि आमच्यासमोरून निघून गेलं. अक्कांनी आधी कानडीत काय काय ऐकवलं ते मला कळलं नाही, पण मग मराठीत आल्या.

"खाली ठेवा. आधी खाली ठेवा मला. आवं, पोत्यागत उचलता? सांगून ठेवते, मी चालत जाईन, न्हाईतर आहे तिथं बसून राहीन. मला उचलायचं न्हाई. कुणीच न्हाई."

त्या वेळी मी हसले होते. पण अक्कांना कंपवात होता, मी राहायला येण्याच्या आधीपासूनच, आणि त्या काय म्हणत होत्या ते पुढच्या वर्षी मला नीट कळलं. आधी हात थरथरायचा. मग पावलं बारीक झाली. मग उंबऱ्याशी पाय चिकटायला लागले. मोकळ्या खोलीत त्या बऱ्या चालायच्या, पण दाराशी आल्या की पाय जमिनीतून निघायचेच नाहीत. पुढं वाकायच्या, धडपडायच्या, घाम फुटायचा, पाय तिथंच. आणि न्हाणीघर मागच्या दाराबाहेर, अंगण ओलांडून. मुलानं आतच न्हाणीघर करून देतो म्हटलं. अक्का म्हणाल्या, त्यालाही दार असेलच ना.

कितीतरी वेळा मी त्यांना मागच्या दारात तशा उभ्या बघितल्या. चौकट धरून, तोंड अंगणाकडे, मागं आप्पा हात पुढे करून. आप्पांनी उचलायला हात लावला की त्या एकच शब्द बोलायच्या, "न्हाई." एकदा उशीर झाला. लुगडं भिजलं. तेव्हा अक्का भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत, जेवल्या नाहीत. संध्याकाळी आप्पा वर माझ्या दाराशी आले. ते कधी वर येत नसत. "ती मरायची भाषा करती गं," म्हणाले, आणि परत खाली गेले.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, तिनं सांगितलं की ठेक्यावर चालवून बघा, कधी कधी पाय सुटतात. एवढं ऐकायचा अवकाश, आप्पांनी टॅबवर एक ओळ पेटवली. टक, टक, टक. एकसारखी. अक्का दारात उभ्या राहिल्या, ऐकलं, आणि म्हणाल्या, "घड्याळ कशाला ऐकवताय मला?" पाय हलला नाही.

मग आप्पांच्या डोक्यात उखळ आलं. कोयनानगरला त्यांच्या क्वार्टरच्या मागं, चाळीतल्या सगळ्यांचं मिळून एक दगडी उखळ होतं. उन्हाळ्यात वर्षाची चटणी तिथं कांडायची. एका उखळात तिघीजणी, तीन मुसळं, पाळीपाळीनं. एकीचं वर जातं तेव्हा दुसरीचं खाली येतं. जराशी चूक झाली तर मुसळावर मुसळ बसायचं. अक्का, त्यांच्या शेजारची चिपळूणची बाई आणि वरच्या चाळीतली सगळ्यांची वहिनी, या तिघींची जोडी, तिघींची असली तरी जोडीच म्हणायचे, कॉलनीत प्रसिद्ध. अक्कांचा ठोका सरळ, कधी न चुकणारा. चिपळूणकरणीला मध्येच मुसळ उखळाच्या काठावर टिचकवायची सवय. वहिनी हात बदलायची आणि बदलताना एक पाळी सोडायची. तरी चटणी कधी उखळाबाहेर उडाली नाही, असं अक्काच मला अभिमानानं सांगायच्या.

आप्पांनी ठरवलं, हाच ठेका टॅबात घालायचा. पण आवाज खरा हवा. सांगलीत सगळी चटणी डंकावर, यंत्रानं कुटून मिळते. मुसळ दाखवायलाही सापडेना. तेव्हा हा माणूस अक्कांच्या माहेरी गेला आणि त्यांच्या भावजयीकडून, टोकाला लोखंडी कडं असलेलं उंच मुसळ घेऊन एसटीनं परत आला. कंडक्टर चढू देईना. "आजोबा, भांडणाला चाललाय का?" आप्पा म्हणाले, "बायकूला चालवायला चाललोय." ते ऐकून बसमधल्या बाया जे समजायचं ते समजल्या आणि सगळ्यांनी मिळून आप्पांना फैलावर घेतलं. हे आप्पांनी घरी आल्यावर सांगितलं तेव्हा अक्का कितीतरी दिवसांनी हसल्या.

मागच्या अंगणात दगडावर ते मुसळ मी मारलं, आप्पांनी आवाज पकडायला टॅब धरला. माझ्या हाताला फोड आले. मग आठवडाभर ते ओळींशी खेळत होते. अक्कांची ओळ आखूड, सरळ. चिपळूणकरणीची पाच पाळ्यांची, पाचवीला काठावरची टिचकी. वहिनीची सात पाळ्यांची, सातवी रिकामी. लावलं आणि मला खरंच त्या मागच्या अंगणात लाल चटणीचा खाट आल्यासारखं वाटलं. खोकला यायचाच बाकी होता.

अक्कांना दारात उभं केलं. त्यांनी ऐकलं. चेहरा बदलत गेला. "ही वहिनी," त्या म्हणाल्या. "सोडली बघ पाळी. आणि ही आमची चिपळूणची, काठ वाजवणारी." डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण पाय हलले नाहीत. आप्पांनी आवाज वाढवला. पाय तिथंच. दुसऱ्या दिवशी ठेका संथ केला, तिसऱ्या दिवशी जलद, मग मुलाकडून मोठा स्पीकर मागवून घेतला. शेजारचे विचारायला आले की बांधकाम काढलंय का. पाय तिथंच.

आप्पा खचले. टॅब समोर ठेवून बसायचे, पण भेटीची वाट बघायचे नाहीत. मी एकदा मध्येच उठून गेले तरी हात वर झाला नाही. इतके दिवस ज्या नियमाला मी वैतागले होते, तो मोडलेला बघून मलाच बरं वाटलं नाही.

एका सकाळी मी कचेरीला निघाले होते. मागच्या दारात अक्का चौकट धरून उभ्या, टॅब चालू, आप्पा शेजारी. अक्का एकदम चिडून म्हणाल्या, "आवं, पण मी मारू कुठं?"

"काय?"

"सगळं भरून टाकलंय तुमी. वहिनी मारती, ती मारती, आणि माझं मुसळ तुमीच मारताय. मी नुसती बघत हुबी राहू व्हय? मला जागा कुठाय?"

आप्पांना हे सुचणं शक्यच नव्हतं, ते मला आता कळतं. जन्मभर तीन फेजची वीज सांभाळलेला माणूस. तीनातला एक फेज गेला की मोटर जळते, हे आमच्याकडच्या उसाच्या रानात पोराटोरांनाही माहीत असतं, आणि आप्पांची तर त्यावर नोकरी. तीन म्हणजे तीन चालू पाहिजेत. एक मुद्दाम बंद करायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

त्यांनी बोट उचललं, अक्कांच्या ओळीवर नेलं आणि तसंच धरलं. "ही बंद करू?" त्यांनी मला विचारलं. जणू मला त्यातलं काही कळत होतं.

"करा," अक्का म्हणाल्या.

ओळ विझली. वहिनीचा ठोका, चिपळूणकरणीचा ठोका, आणि मग काही नाही. पुन्हा दोन ठोके आणि काही नाही. ती रिकामी जागा फिरून फिरून यायला लागली. अक्कांनी चौकटीवरचा हात सोडला. मुसळ धरावं तशा मुठी वळल्या, मान जराशी हलली, आणि त्या रिकाम्या जागेत त्यांनी पाय उचलून उंबऱ्यापलीकडे टाकला. मग दुसरा. आप्पा दारातून बाजूला सरकले, भिंतीला पाठ लावून, एक हात पुढे केलेला पण न टेकवलेला. अक्का त्यांच्यासमोरून अंगणात गेल्या. न्हाणीघराचं दार त्यांनी आतून लावून घेतलं, आणि कडी लावल्याचा आवाज आला.

आप्पा तिथंच खाली बसले आणि रडले. मीही रडले, लपवायचं कशाला. कचेरीत त्या दिवशी उशिराचा शेरा बसला.

त्यानंतर ते आमच्या घराचं रोजचं झालं. मागच्या बाजूनं मुसळांचा आवाज यायला लागला की समजायचं, अक्का निघाल्या. रोज जमायचंच असं नाही. काही दिवस पाय अडायचेच, आणि मग अक्का ठेका लागलेला असताना चौकट धरून उभ्या राहायच्या, आप्पा म्हणायचे, घाई करू नको, फिरून येतंय. आता त्या वाक्याचा मला राग येत नसे. कधी पहिल्या फेऱ्यात, कधी कितीतरी फेऱ्यांनी पाय निघायचा. आप्पा प्रत्येक वेळी तसेच बाजूला सरकायचे. त्यांनी अक्कांना हात लावलेला मी बघितला नाही. आणि अक्का आत गेल्या तरी भेट झाल्याशिवाय टॅब बंद व्हायचा नाही.

अक्का थंडीत गेल्या. छातीत कफ झाला होता. आदल्या दिवशी संध्याकाळीसुद्धा त्या आपल्या पायांनी न्हाणीघरात जाऊन आल्या होत्या. सकाळी आप्पा चहा घेऊन गेले तर सगळं संपलेलं. त्यांना उचललं ते एकदाच, आम्ही सगळ्यांनी मिळून, आणि तेव्हा त्या काही म्हणाल्या नाहीत. मागच्या नाही, पुढच्या दारानं नेलं. टॅब बंद होता. आप्पा उंबऱ्याशी क्षणभर थांबले, तेव्हा खांदेकरीही थांबले. कुणीतरी "चला आप्पा" म्हटलं, मग निघाले.

दिवस झाले. पाहुणे पांगले. पुण्याचा मुलगा मागं राहिला होता, वडिलांना बरोबर घेऊन जायचं म्हणत होता, आप्पा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. एका सकाळी आप्पा मागं आंघोळीला गेले होते. मी खाली चहाला आले होते. मुलानं बसल्या बसल्या टॅब उघडला, ते जुनं अ‍ॅप बघून त्याला नवल वाटलं. "आप्पांनी काय काय जुळवलंय बघा," मला म्हणाला. "ही एक ओळ मात्र बंद राहिलीय." मी काही बोलायच्या आत त्यानं ती पेटवली आणि चालू केलं.

तिन्ही मुसळं पडायला लागली. अक्कांचा ठोका, सरळ, कधी न चुकणारा, दोघींच्या मध्ये. त्या घरात तो आवाज मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते, आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला.

मागच्या दारात आप्पा येऊन उभे राहिले. अंगावर पंचा, केसांतून पाणी गळतंय. मुलगा दचकला, त्याला काहीतरी चुकलं एवढं कळलं. त्यानं बंद करायला बोट पुढे केलं, तर आप्पांनी हात वर केला.

"बस जरा," ते म्हणाले. "भेट होऊ दे."

मग ते चौकट धरून ऐकत उभे राहिले, अक्का जिथं धरायच्या तिथंच. काठावरची टिचकी पडली, वहिनीनं पाळी सोडली, पुन्हा टिचकी. दिवे पांगत गेले, जवळ येत गेले. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते आणि दुसरीकडे बघणंही जमत नव्हतं. शेवटी सगळे दिवे पहिल्या घरावर आले. तेव्हा आप्पा आत आले, हात पंच्याला पुसले आणि अक्कांची ओळ विझवली. बाकीचं तसंच चालू ठेवलं.

"ही पेटवायची न्हाई," मुलाला म्हणाले. आवाज चढवला नाही.

"पण आप्पा, मध्ये रिकामी जागा राहते ना."

"राहू दे. तिथं तुझी आई पाय टाकती."

आणि ते मागच्या दाराशी परत गेले आणि बाजूला सरकून, भिंतीला पाठ लावून उभे राहिले.